वीस मिनिटं गप्प

आमच्या गल्लीतल्या पार्लरवालीला स्त्रीवादाची पुस्तकं वाचायचा भारी नाद. फेसपॅक लावला की वीस मिनिटं तोंड उघडायचं नाही, असा तिचा दंडक होता. तेवढ्या वेळात ती गिऱ्हाइकाला एक प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवायची.

एकदा शेजारच्या मास्तरीणबाई आल्या. खुर्चीत बसताबसताच म्हणाल्या, "असल्या पुस्तकांनी बायकांची डोकी फिरतात."

पार्लरवालीनं हसत त्यांच्या तोंडाला जाड थर फासला आणि घरकामावरचं प्रकरण काढलं. बाईंना उत्तर देता येईना. आधी त्या नुसत्या हुंकारल्या, मग हसू आवरेना आणि पॅकला तडे गेले.

तोंड धुतल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "पुढचं प्रकरण कशावर आहे?"

"नवऱ्यांवर."

"मग वाच की. घरी हे चहाची वाट बघतायत, बघू देत."