बाजूनं की बाजूले

मोबाईलवर साळ्याने लिहिलं होतं, ‘भाऊजी, आय स्टँड बाय यू.’ तो इंग्रजीचा मास्तर. बायकोने खुशीत अर्थ सांगितला, "माहा भाऊ तुमच्या पाठीशी उभा आहे म्हणते."

पिपरी मेघेत माझं रेती-गिट्टीचं दुकान आहे. मी पहिला ट्रक खाली केला तेव्हा भोवती नुसती तूर होती. मग शेतात प्लॉट पाडून ले-आउट झाले, मास्तर-बाबू लोकांची घरं झाली, बरीचशी माझ्याच रेतीवर. आता त्यांना धूळ दिसायला लागली. दुकान हटवा म्हणून मंदिरात बैठक बोलावली. साळा त्यांच्यातच राहतो आणि त्याचं लोक ऐकतात, म्हणून मी निर्धास्त गेलो.

बैठकीत तो माझ्या शेजारीच उभा होता. एक निवृत्त साहेब म्हणाले, "या माणसाशी बोलायची सोय नाही, अंगावर येतो." मी साळ्याकडे पाहिलं. तो चष्मा पुसत राहिला. मग मीच बोललो, आणि आवाज चढला तो चढलाच. दुकान हटवायचं ठरलं. आता ग्रामपंचायतीत सुनावणी आहे.

बाहेर आल्यावर त्याला धरलं. "काऊन रे मास्तर, तोंडात खर्रा होता का?"

"मी होतो ना भाऊजी तुमच्या बाजूले."

"बाजूले तं खांबबी होता! बाजूनं कोण होतं?"

घरी मुलीला ‘स्टँड बाय’चा खरा अर्थ विचारला. ती म्हणाली, "बाबा, त्या शब्दापुढे माणूस आला तर साथ देणं. पुढे कोणीच नसलं तर नुसतं पाहत उभं राहणं. शब्द तोच."

माझ्या धंद्यात धुतलेली रेती दाखवून माती टाकली तर गिऱ्हाईक ट्रक परत पाठवतं. हा माल मी कुठे परत पाठवू?

काल त्याचा फोन आला. सुनावणीला येऊ का, म्हणाला. मी म्हटलं, "येजो, पण बोलजो. मराठीत." तो पहिल्या ओळीत बसायला तयार होता, बोलायला नाही. घासाघीस करून एका वाक्यावर आणला: दुकान आधीचं, ले-आउट नंतरचे. त्याबदल्यात त्याने मागितलं की मी तोंड उघडायचं नाही. इतका महाग सौदा मी कधी केला नव्हता. तरी हो म्हणालो.

फोन ठेवताना तो म्हणाला, "पाह्यतो, भाऊजी."

सुनावणी सोमवारी आहे.