बगळीची विजार

बगळी हे नाव तिला बंधाऱ्यावरच्या पुरुषांनी दिलं. उंच, सडपातळ, मान जरा पुढे काढून पाण्यात उभी राहणारी बाई. नाव शोधायला कुणाला फार डोकं लागलं नसावं. बगळ्याच्या जातीवर भाषेनं ढोंगीपणाचा जो शिक्का मारून ठेवलाय, तो मात्र तिला लागू नव्हता. तिच्या मनात येई ते तोंडातून बाहेर पडे. मध्ये फारसा वेळ जात नसे.

बंधारा दगडी होता आणि त्याला अकरा मोऱ्या होत्या. प्रत्येक मोरीत वेताची एक लांबोडकी टोपली बसवलेली. धारेबरोबर येणारा मासा आत जातो आणि परत फिरत नाही. एवढ्यावर माणसाचं काम संपलं असतं तर प्रश्न नव्हता. पण रोज सकाळी कुणालातरी छातीभर पाण्यात उतरून मोरीच्या तोंडाशी साचलेला पाला काढावा लागतो, टोपली सोडवावी लागते, आणि दगडी पायरीवर गुडघा टेकून ती वर ओढावी लागते. एक मोरी तुंबली की तिचं पाणी शेजारच्या मोरीवर चढतं, आणि एकाच्या आळसाची शिक्षा दहांना होते. म्हणून मच्छीमार संघाचा नियम होता: वर्षाला सात खाडे माफ, आठव्या खाड्याला जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला. हा नियम इतका जुना होता, की तो कुणी केला हे विचारायचं कुणाला सुचत नसे.

चौथी मोरी एकोणीस वर्षं बगळीच्या नवऱ्याची होती. मग त्याचा खुबा गेला. ऑपरेशन झालं, नवा खुबा बसला, आणि डॉक्टरांनी थंड पाणी कायमचं बंद केलं. नवरा घरी बसून अकरा मोऱ्यांच्या टोपल्या विणू लागला. संघानं सांगितलं, बायकोला वर्षभर उभं राहू दे. नियमात बसली तर जागा तिची, नाही बसली तर पुढच्याची. पुढचा म्हणजे तिचा धाकटा दीर.

दीर माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. हा तिच्या प्रत्येक आजारपणात खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन येई, खुर्चीच्या कडेवर बसे आणि आपुलकीनं चौकशी करी.

"कसं वाटतंय वहिनी?"

"तुम्हाला कसं हवंय, भाऊजी?"

"तसं नाही. काळजी वाटते. हा पाचवा खाडा ना?"

"पाचवाच. तुमची मोजणी बरोबर आहे."

पहिल्या दोन महिन्यांतच पाच. थंडीचे दिवस, नदीच्या कडेला सकाळी बर्फाची पापडी धरायची, आणि तिच्या अंगावर नवऱ्याची जुनी विजार. या विजारीला दुकानात वेडर म्हणतात. बूट, पाय, पोट, छाती सगळं एकसंध, खांद्यावर दोन पट्टे. घातली की माणूस उभ्या पिशवीसारखा दिसतो. पिशवी गळकी नसली तर दिसण्याचं कुणाला काही वाटत नाही. ही गळत होती. तासाभरानं ती वर येई तेव्हा दोन्ही बुटांत तांब्या-तांब्याभर नदी असे. मग ताप.

"पाय कोरडे ठेवा," डॉक्टर म्हणाले.

"नदीला सांगते," बगळी म्हणाली.

उरलेले दहा महिने आणि उरलेले दोन खाडे. नवी विजार घ्यायची हे ठरलं. कुठली, यावर अख्खा बंधारा बोलू लागला, कारण फुकटचा सल्ला द्यायला विजार भिजवावी लागत नाही. दीर म्हणाला, प्लास्टिकची घ्या, स्वस्त असते, फाटली की दुसरी. फाटेल त्या दिवशी खाडा पडेल हे तो म्हणाला नाही. नवरा म्हणाला, जाड घे, फोमसारख्या रबराची, बर्फातसुद्धा घाम फुटतो.

"आणि उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्यात जास्त फुटतो," नवऱ्यानं प्रामाणिकपणे कबूल केलं.

चांगली विजार महाग आणि स्वस्त विजार आठ महिन्यांची, हे सगळ्यांना पाठ होतं. ती नेमकी कुठून मरते, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. बुटाच्या तळातून, असं प्रत्येकजण ठासून सांगे. बगळीनं विचारलं, पाहिलंय का? तर पाहिलेलं कुणी नव्हतं.

काखेत कळसा होता. संघाच्या खोलीमागे मेलेल्या विजारींचा ढीग पडलेला असे. कधीतरी ठिगळाला उपयोगी पडतील म्हणून टाकायच्या, आणि कधीच कुणी बघायचं नाही. वीस-पंचवीस वर्षांत त्याला टेकडीचा आकार आला होता. बगळीनं तीन दुपारी तिथे घालवल्या. एकेक विजार उपसून काढली, पाय दोरीनं आवळून बांधले, वरून बादलीनं पाणी ओतलं, आणि थेंब कुठून येतो ते पाहत बसली. संघाचा चिटणीस खिडकीतून डोकावला.

"काय चाललंय?"

"मयतांची चौकशी."

"वारस सापडला का?"

"कारण सापडतंय."

सापडलं ते असं. प्लास्टिकच्या विजारी गुडघ्याच्या मागे तडकल्या होत्या, सगळ्या एकाच रेषेत. कारण बंधाऱ्यावरचा प्रत्येकजण विजार मधोमध दुमडून खिळ्यावर टांगतो, आणि ऊन त्या घडीवर काम करतं. जाड रबराच्या, दोन्ही मांड्यांमधल्या शिवणीत उसवल्या होत्या. उभ्यानं मापून घेतलेल्या, पण त्यात बसावंही लागतं हे घेताना कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पदरी कापडाच्या, म्हणजे पातळ कापडाचे थर एकावर एक चिकटवलेल्या, थोड्या होत्या, हलक्या, आणि त्यांचं कापड अजून धड होतं. त्या गेल्या होत्या फक्त गुडघ्यावर. तेही डाव्या. बगळीनं पुन्हा पाहिलं. सतरा विजारी, सतरा डावे गुडघे. उजव्यांवर ओरखडासुद्धा नाही.

ती बंधाऱ्यावर गेली आणि पायरीकडे बघत उभी राहिली. टोपली उजव्या हाताला, म्हणून टेकायचा गुडघा डावा. बाप टेकतो तसा मुलगा टेकतो. आणि दगड तोच, कानशीसारखा. बुटांचे तळ ढिगात जवळजवळ नवेकोरे होते.

बाजारातल्या दुकानात ती दुसऱ्या दिवशी उघडतानाच हजर झाली. दुकानदारानं आधी पुढ्यात जाड विजार टाकली, मग तिच्या चपला पाहून प्लास्टिकची.

"पदरी कापडाची दाखवा. बूट जोडलेली. माझ्या मापापेक्षा एक नंबर मोठी."

"मोठी कशाला ताई? ढगळ दिसेल."

"आतून थंडीत दोन लोकरी पायजमे घालायचेत. उन्हाळ्यात ते काढायचे. विजार तीच राहील, हवामान मी आत बदलेन."

दुकानदारानं हे वाक्य नंतर गिऱ्हाइकांना स्वतःचं म्हणून सांगितलं असं ऐकिवात आहे. त्या वेळी मात्र तो घाईत होता. बगळी नव्हती. तिनं विजार चढवली आणि दुकानाच्या मधोमध उकिडवी बसली. उठली. डावा गुडघा जमिनीला टेकला, हात लांब केले, नसलेली टोपली ओढली. मग स्टुलावर पाय ठेवून वाकली. एक गिऱ्हाईक दारातूनच परत गेलं.

"ताई, मासे धरायची विजार आहे ती. कसरतीची नाही."

"मासे धरणं तुम्ही कधी पाहिलंय?"

"नाही."

"मग बघून घ्या."

पहिली मांडीत ओढत होती, नापास. दुसरी बरोबर बसली. तेव्हा तिनं पिशवीतून बॅटरी काढली, विजार घेऊन कपडे बदलायच्या खोलीत शिरली, दिवा मालवला आणि बॅटरी पेटवून पायाच्या आत सोडली. बाहेर आली ती हसत नव्हती.

"उजव्या घोट्याच्या शिवणीत दोन चांदण्या दिसतात. तुम्हीच पाहा."

दुकानदारानं पाहिलं. अंधारात दोन टिपके उजळत होते. ते सौद्याला फार उपकारक ठरले. त्यानं गोदामातून एक खोकं आणलं. तीच बनावट, तोच नंबर, एकही चांदणी नाही. दोष एकच: रंग. पिकलेल्या संत्र्यासारखा भडक. दोन वर्षं पडून होती, कारण मासे भितात अशी गिऱ्हाइकांची खात्री.

"आमच्या मोरीतलं पाणी गढूळ असतं," बगळी म्हणाली. "आणि मासा टोपलीत शिरतो तेव्हा मी अजून घरी झोपलेली असते. निम्म्या भावात द्या."

निम्म्यात नाही, पण बऱ्याच कमीत दिली. जाड रबराच्या किमतीत असल्या दोन आल्या असत्या.

तिथून ती थेट मोच्याकडे गेली. मोची हातातला जोडा बाजूला ठेवून विजारीकडे आदरानं बघू लागला.

"कुठं फाटलीय?"

"कुठंच नाही. डाव्या गुडघ्यावर ठिगळ लावायचंय. वीतभर, ट्रकच्या ट्यूबचं."

"नव्या कोऱ्या विजारीला?"

"फाटल्यावर लावलं तर ते मलम. आधी लावलं की चिलखत."

मोच्यानं सुई ओवायला घेतली. तिनं त्याचा हात धरला.

"सुई नको. एक टाका म्हणजे एक भोक. चिकटवून द्या."

"चिकटवलेलं निघतं, बाई."

"निघालं तर परत येईन. भोक पडलं तर विजार कुणाकडे नेऊ?"

मोची तीस वर्षं सुईवर जगला होता. त्यानं जरा नाराजीनंच ट्यूब घासली, गोंद लावला, वर थंड इस्त्री ठेवली आणि त्या इस्त्रीवर स्वतः बसला. अर्ध्या तासानं उठला तेव्हा ठिगळ नखानं सुटत नव्हतं. त्यानं ते तीनदा करून पाहिलं.

ती पहिल्यांदा बंधाऱ्यावर उतरली त्या सकाळी दहा माणसांचं काम थांबलं. कुणी म्हणालं, सूर्य उगवला. कुणी म्हणालं, नवीन विजार आणि ठिगळासकट, माहेरची दिसतेय. दीर सातव्या मोरीवर बदलीला उभा होता; तो म्हणाला, "वहिनी, मासे डोळे मिटून घेतील."

"मग त्यांना टोपली दिसणार नाही, भाऊजी. बरंच आहे."

तासाभरानं ती वर आली, पट्टे सोडले, बूट उपडे केले. काही पडलं नाही. तिनं पायमोज्याला हात लावून पाहिला आणि घरी गेली. तिथे विजार खिळ्यावर न टांगता, नवऱ्यानं बांधून दिलेल्या वेताच्या कैचीत दोन्ही बूट अडकवून, पाय वर करून, सावलीत उलटी लटकवली. शेजारणीला वाटलं कुणीतरी उलटं विहिरीत पडतंय.

मग वर्ष आपल्या वाटेनं गेलं. बर्फ संपला, पाणी चढलं, झाडांच्या फांद्या वाहत आल्या. उन्हाळा आला आणि जाड रबरवाले सकाळी आठालाच भाजीसारखे शिजू लागले. दोघांना घामोळ्यांनी खाडे पडले, एकाला भोवळ आली आणि त्याला ओढून काढायला बगळीच पहिली पोचली, कारण पळता येईल अशी विजार तेवढी तिचीच होती. आत एक सुती पायजमा, बस. प्लास्टिकवाल्यांच्या घड्या श्रावणसरीही न बघता तडकल्या. पुन्हा थंडी पडली, तिनं लोकरीचे दोन थर चढवले आणि उभी राहिली. खोकल्याच्या औषधाची बाटली काही आली नाही. दीर रस्त्यात भेटला तर म्हणे, "तब्येत चांगली आहे वाटतं," आणि त्यात तक्रारीचा सूर कुठून येतो हे त्याला स्वतःलाही कळत नसावं.

वर्ष सरायला नऊ दिवस होते तेव्हा बगळी बहिणीकडे राहायला गेली. खाडा नंबर सहा.

"ऐन शेवटी धोका कशाला घेतेस?" नवरा म्हणाला.

"दोन शिल्लक आहेत. ते काय पुढच्या वर्षी चालतात?"

एका दिवसात परतलीही. सातवा तिनं वापरला नाही. बहीण दोन दिवस सहन होत नाही, एवढंच त्यामागचं कारण.

वार्षिक सभेला संघाची खोली भरली होती. चिटणीस मोरीवार वाचत गेला. पहिली, चार. दुसरी, सात, आणि खोकल्याचा आवाज. तिसरी, आठ, तिथे जागा बदलली आणि कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मग तो थांबला, चष्मा पुसला.

"चौथी. एकूण खाडे सहा. पाच पहिल्या दोन महिन्यांतले. नंतरच्या दहा महिन्यांत एक." त्यानं मान वर केली. "आजारपणाचा?"

"बहिणीचा," बगळी म्हणाली.

"जागा कायम. यापुढे यांच्या नावावर. कुणाची हरकत?"

सगळे दिराकडे पाहू लागले. दीर उभा राहिला. त्याच्याजवळ वर्षभर जपलेलं एक भाषण असावं, कारण त्यानं घसा साफ केला. पण तो खाली वाकून तिच्या डाव्या गुडघ्याकडे बघत राहिला. सभेला ती थेट पाण्यातून, विजारीतच आली होती. ट्यूबचा वरचा थर दगडानं खाऊन पांढरट झाला होता. कापड मात्र शाबूत होतं.

"हरकत नाही," तो म्हणाला. "तिसरी मोरी रांगेनं माझ्याकडे येते ना? मग वहिनी, उद्या माझ्याबरोबर दुकानात येता का?"

"येईन. बॅटरी तुमची."

खोली हसली. चिटणिसानं पेन पुढे केलं, तिनं सही केली. एकोणीस वर्षं नवऱ्याचं नाव असलेल्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिताना अक्षर नेहमीपेक्षा मोठं आलं आणि शेजारच्या रकान्यात शिरलं. 

ती घरी आली तेव्हा नवरा अंगणात टोपलीचं तोंड विणत बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही. ज्याला उत्तराची भीती असते तो हातातलं काम सोडत नाही.

"झाली सभा?"

"झाली. तुमची जागा गेली."

वेत त्याच्या बोटांत थांबला. "कुणाकडे?"

"माझ्याकडे."

नवऱ्यानं बराच वेळ तिच्याकडे पाहिलं, वरपासून बुटांपर्यंत. मग अर्धवट टोपली पायाशी ओढून घेतली आणि तिची कड दोन्ही हातांनी दाबून पाहिली.

"मग ही उकलतो," तो म्हणाला. "कड माझ्या हाताच्या मापानं बांधली होती. तुझा हात इकडे आण."