वाणातले हेडलाइट

होटगी रस्त्याच्या बाजूला जी घरं एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी आहेत, तिथे जाऊन धुळाप्पाचं घर कुठलं म्हणून विचारलं, तर लोक आधी हसतात आणि मग बोट दाखवतात. याला कारण आहे. धुळाप्पाने आयुष्यात कुठल्याही मेकॅनिकला घराचा उंबरा ओलांडू दिलेला नाही. सगळं स्वतः करायचं, मोबाइलवर बघून करायचं, आणि करून झाल्यावर गल्लीभर सांगायचं. त्याने नीट केलेला छताचा पंखा उलटा फिरतो. तीन उन्हाळे झाले, वारा वर जातो.

"छताला गारवा लागतोय की," बजाबाई म्हणते. "आमी काय, घामानं थंड हुतो."

बजाबाई म्हणजे त्याची बायको. तिचं बोलणं धुळाप्पा मनावर घेत नाही. तीस वर्षं त्याने पाणीपुरवठ्याच्या लाइनीवर काढली. चावी फिरवून गल्लोगल्ली पाणी सोडायचं आणि कुठे पाइप गळताना दिसला की तिथल्या तिथे बुजवायचा. त्या कामात मात्र तो वाघ होता, हे त्याचे वैरीही कबूल करतील. पाणी झिरपणारं भोक दिसलं की त्याचा हात आपोआप खिशाकडे जायचा. निवृत्तीनंतरही त्याच्या खिशात सिलिकॉनची पांढरी ट्यूब असतेच. कुणी पानाचा डबा ठेवतो, धुळाप्पा ट्यूब ठेवतो, एवढाच फरक.

यंदा अधिक महिना आला. लेक रुपाली अकलूजला दिलेली. जावई बिरुदेव तिथल्याच एका डेअरीत सुपरवायझर. अधिकात जावयाला बोलावून धोंडे खाऊ घालायचे, तेहतीस अनारसे आणि एक दिवा असं वाण द्यायचं, हा रिवाज. लोक चांदीचा दिवा देतात. धुळाप्पाचं डोकं मात्र भलतीकडे चाललं. बिरुदेव नुकतीच घेतलेली जुनी गाडी दाखवायला आला होता आणि तिच्या दिव्यांच्या काचा पिवळ्या पडून जनावराच्या डोळ्यांसारख्या मंद झाल्या होत्या.

"जावईबापू, गाडी आठ दिस हितंच ठिवा," धुळाप्पा म्हणाला. "जेवायच्या दिशी दिवं असं करून देतो की अकलूजकर थांबून बघतील."

बिरुदेव भिडस्त माणूस. "मामा, कशाला तरास?" असं एकदा म्हणाला आणि एसटीने परत गेला. सासऱ्याला 'नको' कसं म्हणायचं, हे त्याला शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

दिवे खोलायचे, आतली चमकदार कड काळी रंगवायची, काच घासून साफ करायची आणि पुन्हा जोडून बंद करायचं, असा सगळा बेत. काच आणि मागचं भांडं काळ्या डिंकासारख्या चिकट पट्टीने जोडलेलं असतं आणि ती पट्टी गरम केल्याशिवाय सुटत नाही. मोबाइलवरची माणसं दिवा भट्टीत ठेवत होती. धुळाप्पाने लग्नातली पत्र्याची ट्रंक बाहेरून काळी रंगवली, दिवे आत ठेवले आणि ट्रंक मे महिन्याच्या भर दुपारी गच्चीवर नेऊन ठेवली. सोलापूरच्या उन्हाला पहिल्यांदाच कुणीतरी कामाला लावलं होतं. दोन तासांनी, वर शेजारणीचा केस वाळवायचा ड्रायर मारला, तर काच अलगद सुटून हातात आली. तो आनंद त्याने जिना उतरायच्या आत चार घरांना सांगितला.

नवी चिकट पट्टी घ्यायला तो गुंडाच्या दुकानात गेला. गुंडा त्यांच्याच नात्यागोत्यातला, चौकात गाड्यांची सीट कव्हरं, हॉर्न, दिवे विकतो. त्याने पट्टी दिली, दिवा हातात घेऊन उलटा केला आणि मागची दोन बारीक भोकं दाखवली.

"अण्णा, ही भोकं तेवढी उघडी ऱ्हाऊ द्या. दिवा तापला की हितनं वारा भायेर जातो. बुजवली तर आत वाफ धरंल."

"तू मला भोकाचं शिकवतोस व्हय रं?" धुळाप्पा म्हणाला. "तुज्या जल्माच्या आदीपासनं गळत्या काडतोय."

"लाइनीचं येगळं, दिव्याचं येगळं, अण्णा."

धुळाप्पाने मान हलवली. मान हलवणं आणि ऐकणं यात केवढं अंतर असतं, ते बजाबाईला विचारा. घरी येऊन कूलरच्या दमट वाऱ्यात बसून त्याने पट्टी बसवली, काच दाबली, स्क्रू पिळले. मग दोन्ही दिव्यांची भोकं त्याच्याकडे बघू लागली. पाच मिनिटं त्याने कळ काढली. सहाव्या मिनिटाला खिशातली ट्यूब बाहेर आली. पांढरा थेंब इकडे, पांढरा थेंब तिकडे. खोलीभर आंबूस वास सुटला आणि धुळाप्पाचं मन शांत झालं.

जेवणाचा दिवस उजाडला. रुपाली, बिरुदेव आणि बिरुदेवची आई म्हाळसाबाई आली. गुंडालाही आवतण होतं. गाडी सकाळपासून दारात तापत उभी. ओवाळायच्या आधी गाडी चकाचक दिसावी म्हणून धुळाप्पाने माठातलं गार पाणी बादलीभर घेऊन दिव्यांवर फेकलं.

बजाबाई ताट घेऊन पुढे झाली आणि थांबली. दोन्ही काचांच्या आतून थेंब जमत होते. बघता बघता ते एकमेकांत मिसळले, ओघळले, आणि दिवे पांढरेफटक झाले.

"अगं बया," म्हाळसाबाई वाकून म्हणाली, "गाडीला मोतीबिंदू झाला की वो! आदी पिवळं का हुईना, दिसत तरी हुतं."

बायका पदरात तोंड घालून हसल्या. बिरुदेव हसला नाही, पण त्याने दुसरीकडे बघितलं, आणि ते धुळाप्पाला जास्त लागलं. तीस वर्षांची अब्रू, तीही विहिणीसमोर. त्याच्या तोंडून शब्द निघून गेले.

"मी काय करणार? गुंडाच्या दुकानातली पट्टीच नकली निगाली."

गुंडा ओसरीवर पंगतीत बसला होता. त्याच्या हातातला धोंड्याचा तुकडा हातातच राहिला. त्याने धुळाप्पाकडे एकदा बघितलं. अण्णा आता काहीतरी बोलतील, म्हणून थोडा थांबलाही. धुळाप्पा गाडी पुसत राहिला. मग गुंडाने तो तुकडा खाल्ला, हात धुतले, "वैनी, जेवान झ्याक झालं" म्हणाला आणि चप्पल घालून निघून गेला.

आता इतक्यावर मिटलं असतं, तर धुळाप्पाने तेही खपवून नेलं असतं. पंखा नाही का खपला! पण बिरुदेवला सासऱ्याची फसवणूक झाल्याचा राग आला. त्याने दिव्यांचा फोटो काढला आणि मोबाइलवर पाव्हण्यारावळ्यांचा जो दोनशे माणसांचा ग्रुप आहे, त्यावर टाकला. खाली लिहिलं: चौकातल्या गुंडाच्या दुकानातून काही घेऊ नका, आमच्या मामांना नकली माल दिला.

मोहोळहून, करमाळ्याहून उत्तरं आली. एकाने लिहिलं, मी सीट कव्हर सांगितली होती, आता रद्द. दुसऱ्याने लिहिलं, मला पहिल्यापासूनच संशय होता. गुंडाचं गिऱ्हाईक म्हणजे हीच माणसं. धुळाप्पा कॉटवर बसून एकेक उत्तर वाचत होता. गुंडाने एक अक्षर लिहिलं नव्हतं. लिहिलं असतं, शिव्या दिल्या असत्या, तर भांडता आलं असतं.

बजाबाई अनारसे डब्यात भरत होती. न बघताच म्हणाली, "ट्यूब अर्दी रिकामी झालीया. खिशात बगून सांगतीया."

धुळाप्पाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. म्हणजे हिला सकाळपासून ठाऊक होतं, आणि सगळ्यांदेखत ती गप्प राहिली.

लिहायला त्याला जमत नाही. त्याने मोबाइल तोंडाजवळ धरला, बटन दाबलं आणि सोडलं. पुन्हा दाबलं. तिसऱ्या खेपेला आवाज निघाला.

"राम राम पाव्हणं. मी धुळाप्पा. पट्टी चांगली हाय. गुंडानं मला सांगितलं हुतं, भोकं बुजवू नका. मी बुजवली. आन् नाव त्येचं घेतलं. त्येच्या तोंडावर घेतलं. तेवडंच."

पाठवलं आणि मोबाइल उशीखाली सारला. दोनशे घरांत त्याचा आवाज वाजला. शेजारच्या भिंतीपलीकडे वाजलेला तर त्याला स्वतःला ऐकू आला. आपला आवाज एवढा केविलवाणा आहे, हे त्याला वयाच्या साठीत कळलं.

बिरुदेव आत आला. "ऱ्हाऊ द्या मामा, चालतंय की," म्हणाला. धुळाप्पाला वाटलं, याच्यापेक्षा याने दोन शब्द सुनावले असते तर बरं.

उन्हं कलायच्या आत सासरा-जावई गाडी घेऊन गुंडाच्या दुकानासमोर उभे राहिले. "माजं चुकलं" असं धुळाप्पा वाटेत सात वेळा मनात म्हणाला होता. समोर गेल्यावर "गुंडा..." एवढंच आलं. गुंडाने खुर्ची दिली नाही, पण परत जा असंही म्हटलं नाही. बिरुदेवला हाताशी धरून त्याने दोन्ही दिवे उतरवले आणि एक टाचणी धुळाप्पाच्या हातात दिली.

"तुमीच काडा."

रस्त्यावरची माणसं बघत होती. ग्रुपवरची दोघं तर मुद्दाम आली होती. धुळाप्पा फळीवर उकिडवा बसून, सुरकुतलेल्या बोटांनी, भोकांतलं पांढरं सिलिकॉन कणाकणाने काढत राहिला. तीस वर्षं भोकं बुजवलेल्या हाताला ती उघडायचं काम येत नव्हतं. टाचणी दोनदा बोटात गेली. कुणी हसलं नाही.

"वाफ जाईल दोन दिसांत," गुंडा दिवा उजेडाला धरून म्हणाला. "पर डाव्या दिव्यात आत धुरकट डाग चढलाय. त्या ट्यूबच्या वासाचा हाय. त्यो न्हाय जायचा."

"पुसून?"

"पुसलं तर चकाकीच निगंल. ऱ्हाऊ द्या, उजेड पडतोय."

बिरुदेवनेही दिवा बदलला नाही. मामांनी वाण म्हणून दिलाय, म्हणतो. आता तो अकलूजहून आला की लोक बघतात, धुळाप्पा लगबगीने बाहेर येतो, लेकीची पिशवी घेतो, डाव्या दिव्याकडे न बघता गाडीला वळसा घालून उजव्या बाजूने जातो आणि बोलणं संपेपर्यंत तिकडेच उभा राहतो.