वहीची दुसरी प्रत

माझ्या चुलतभावाला मी दादा म्हणते, कारण लहानपणापासून म्हणत आले. मनात त्याला जे म्हणते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

दुर्गाघाटाच्या वरच्या गल्लीत आमचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे एक खोली, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि दादाची गादी. महाराष्ट्रातून काशीला येणाऱ्या यजमानांची श्राद्धं, पिंडदान, गंगापूजन आमचं घराणं पिढ्यान् पिढ्या करत आलंय. यजमान आला की त्याच्या घराण्याचं पान वहीतून काढून दाखवायचं. त्याचे पणजोबा कधी आले, कोणाचं श्राद्ध केलं, बरोबर कोण होतं, आणि खाली त्यांची सही. चांगले मिशाळ पुरुष ती सही बघून लहान मुलासारखे रडतात. आमच्यात नियम एकच, ज्याच्याकडे वही त्याचे यजमान. घर कोणाच्या नावावर आहे ते नंतर बघतात.

जुन्या वह्यांतली सगळ्यांत जाड वही माझ्या बाबांच्या हातची. तिच्या पहिल्या चार पानांवर त्यांनी आमच्याच घराण्याची वंशावळ लिहिली होती. अशा वंशावळीत मुलींची नावं घालत नाहीत. बाबांनी माझं घातलं. मी एकुलती एक, अकरा-बारा वर्षांची असेन, शेजारी दौत धरून बसले होते. त्यांनी स्वतःच्या नावाखाली रेघ ओढली आणि माझं नाव लिहिलं, पुढे ‘कन्या’. काकांनी विचारलं, “हे काय नवीन?” बाबा म्हणाले, “माझ्यामागे ही आहे, मग हिलाच लिहिणार ना?” काका तीन दिवस आमच्याकडे जेवले नाहीत.

बाबा गेले आणि वही काकांकडून दादाकडे गेली, कारण मुलीला यजमान मिळत नाहीत. मी बँकेत लागले, लग्न केलं नाही, निवृत्त झाले. यजमान मला नकोच होते. मला ते एक पान हवं होतं. दादा वहीचा फोटो कोणाला काढू द्यायचा नाही, यजमानालासुद्धा नाही. मी मागितला असता तर? मागितला नाही. त्या माणसापुढे हात पसरायची माझी तयारी नव्हती, आजही नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यानेच निरोप पाठवला. वह्यांना कसर लागली होती, पान उलटलं की कोपरा हातात यायचा. सगळं स्कॅन करून घ्यायचं ठरलं होतं आणि ‘तू बँकेत कॉम्प्युटरवर होतीस, येऊन बस’ असं फर्मान आलं. मी गेले. का गेले ते आता वेगळं सांगायला नको.

स्कॅनिंग दादाची सून करणार होती, वह्यांना तिच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही असा दादाचा हुकूम. पोरगी इंदूरची, मराठी बोलता बोलता कधी हिंदीत जाते तिचं तिलाच कळत नाही. प्रश्न होता फायली ठेवायच्या कुठे. मी नीट बोलले. म्हटलं, एक प्रत ऑफिसात ठेवू, सगळ्यांना वापरता येईल अशी. दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि ती डिस्क ऑफिसात ठेवायची नाही, दुसऱ्या घरी ठेवायची. तिसरी इंटरनेटवर. इथे भादव्यात गंगा घाट चढून वर येते, माकडं वायरी कुरतडतात, लाइट दिवसातून चारदा जाते. एकाच जागी ठेवणं म्हणजे शुद्ध वेडेपणा.

दादाने ‘तीन’ ऐकलं आणि त्याचा चेहराच फिरला.

“तीन प्रती? आपल्यात प्रत कधी करतात ठाऊक आहे ना? भाऊ वेगळे होतात तेव्हा. प्रत म्हणजे वाटणी.”

“दादा, हा बॅकअप आहे.”

“नाव काही दे. आणि ती दुसरी प्रत कोणाच्या घरी राहणार? तुझ्या?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. साठी उलटलेली बाई मी, एकटी, गुडघे दुखतात, मी याचे यजमान पळवणार! मी गंगेच्या पाण्यात उभी राहून पिंड करवणार! पण तो थट्टा करत नव्हता. त्याला खरंच भीती होती, आणि भित्र्या माणसाशी वाद घालणं फार कंटाळवाणं असतं.

समोर पुण्याचे एक यजमान बसले होते, इंजिनिअर. त्यांनी चहा पिता पिता निकाल लावला. म्हणाले, इंटरनेटवर एक फोल्डर करा, तिघांत शेअर करा, फुकट आहे. दादाला ते इतकं आवडलं! एकच वही, तिघांना दिसते, कोणी घरी नेऊ शकत नाही. मी घसा फोडून सांगितलं की शेअर केलेला फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे, एकाने पुसलं की तिघांचं पुसलं जातं.

“नहीं आत्या,” सून म्हणाली, “वो तो सिंक होता है ना, सब सेफ रहता है.”

“अगं बाई, सिंक होतं म्हणूनच तर सांगतेय!”

कोण ऐकतंय. मी दुसऱ्या दिवशी लंका बाजारात जाऊन स्वतःसाठी एक हार्ड डिस्क घेतली. दर शनिवारी दादा संकटमोचन हनुमानाला जायचा, तेवढ्यात आठवड्याच्या सगळ्या फायली उतरवून घ्यायची. दोन्हीकडचे फायलींचे आकडे जुळले की डिस्क पर्समध्ये आणि घरी साड्यांच्या खाली. चोरी म्हणायचं तर म्हणा. मला जराही लाज वाटली नाही.

आठ-नऊ महिन्यांत स्कॅनिंग संपलं. त्याच सुमारास माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पंधरा दिवस घरात बसून होते. सोळाव्या दिवशी दादा पेढे घेऊन आला. मला वाटलं, तब्येतीची चौकशी करायला आलाय.

“वह्यांचं विसर्जन केलं,” तो म्हणाला. “मुहूर्त चांगला होता. होडी करून मधोमध नेल्या, फुलं वाहिली, सगळं विधिपूर्वक. आता कसर नाही, काही नाही. सब इंटरनेट पर है.”

आमच्याकडे जुनी पोथी रद्दीत घालत नाहीत, गंगेला देतात. हे मला माहीत होतं. पण बाबांची वही! मला न विचारता! माझा डोळा झाकलेला असताना! मी पेढ्यांचा पुडा दाराबाहेर ठेवला आणि त्याला जे बोलले ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. तो उलट मलाच समजावत होता की भावनिक होऊ नकोस. तो गेल्यावर मी साड्यांखालून डिस्क काढली आणि मांडीवर घेऊन बसले. आहे, म्हटलं. माझ्याकडे आहे.

पुढचं घडायला चैत्र लागला. नांदेडकडचे एक म्हातारे काठी टेकत आले, आजोबांची सही बघायची म्हणाले. दादाने ऐटीत फोल्डर उघडला. रिकामा. दुसऱ्या कॉम्प्युटरवर बघितलं, तिथेही रिकामा. मग सुनेने कबूल केलं. तिच्या बहिणीच्या लग्नाचे व्हिडिओ ठेवायला लॅपटॉपमध्ये जागा नव्हती, म्हणून दीड-दोन महिन्यांपूर्वी तिने ‘आपल्याकडचा’ फोल्डर डिलीट केला होता. तो सगळ्यांकडचा गेला. पुसलेलं महिनाभर कचऱ्यात राहतं, तो महिनाही उलटला होता. यजमानच आले नाहीत तर फोल्डर उघडणार कोण?

दादा कपाळाला हात लावून बसला. खरं सांगते, मला आनंद झाला. उकळ्या फुटत होत्या मनात. मी म्हाताऱ्यांना म्हटलं, “काका, पाच मिनिटं बसा,” आणि दुखऱ्या गुडघ्यांनी घरी जाऊन डिस्क घेऊन आले.

दादाने डिस्क बघितली. “म्हणजे तू प्रत केली होतीस.”

आभार नाही, काही नाही. हे एवढंच.

“केली होती,” मी म्हटलं.

म्हाताऱ्यांचं पान निघालं. ते रडले, काचेवर बोट ठेवून सही कुरवाळत बसले. ते गेल्यावर मी बाबांच्या वहीचा फोल्डर उघडला. पहिली फाइल पाच नंबरची. वर सरकवून बघितलं, खाली बघितलं. एक, दोन, तीन, चार नाहीतच.

“पहिली चार पानं कुठायत?”

सून सासऱ्याकडे बघत पुटपुटली, “पप्पा बोले थे छोड़ दो. घर के पन्ने हैं, यजमान के नहीं.”

इतके शनिवार मी प्रत केली. आकडे जुळवले, बँकेतली खोड, आकडे जुळले की कपाट बंद. फोल्डर उघडून एकदाही बघितलं नाही. ठेवायचं कुठे म्हणून भांड भांड भांडले, ठेवतोय काय ते बघितलंच नाही. दादाचा राग येतो तो येतोच, पण तो त्याच्या एकट्याचा नाही, माझाही आहे, हे मला रात्रंदिवस टोचतं.

दादा म्हणाला, “एवढं काय त्यात? कोरी वही आण, मी लिहून देतो वंशावळ. तुझं नावसुद्धा लिहितो. बस?”

“नाव मला पाठ आहे,” मी म्हटलं. “अक्षर बाबांचं होतं.”

त्याला कळलंच नाही. “बरं, ती डिस्क ठेव इथे,” म्हणाला.

मी वायर उपसली, डिस्क पर्समध्ये टाकली आणि चपला घातल्या. तेव्हापासून यजमान आला की दादा मला फोन करतो. ताई, जरा येतेस का, म्हणतो; आधी कधी ताई म्हटलं नव्हतं. मी येते, पान दाखवते, डिस्क घेऊन परत जाते. वही आता माझ्याकडे आहे, पाचव्या पानापासून पुढची. सून दर वेळी विचारते, आत्या, एक कॉपी कर लें क्या? मी तिला दुसरी प्रत अजून करू दिलेली नाही.