तिकिटं सोललेली पत्रं

विमा कचेरीतून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांना गल्लीत सगळे लिफाफेकाका म्हणत. तिकिटं जमवणारे पुष्कळ; काकांना मात्र जुन्या लष्करी टपालाचा अख्खा लिफाफा हवा असायचा, शिक्क्यासकट. त्यांचे थोरले भाऊ एका लष्करी मोहिमेबरोबर परमुलखात गेले होते. डोंगरातल्या चौकीवर टपाल कारकून होते आणि तिथंच तापानं गेले. पुढे काका मोहिमेच्या टपालाचा इतिहास लिहायला बसले, तर दफ्तरात त्या चौकीच्या टपालघराची नोंदच नाही!

"टपालघरच नव्हतं, तर दादा तिथं काय करत होते?" काका चिडून म्हणत.

भावाची पत्रं आईनं दुःखाच्या भरात जाळली होती. चौकीच्या शिक्क्याचा एखादा तरी लिफाफा मिळावा म्हणून काकांनी मोहिमेतल्या जवानांची घरं शोधून काढली. बहुतेक जवान वारलेले, बहुतेकांची पत्रं रद्दीत गेलेली. यादीतलं शेवटचं घर उरलं आणि तिथून एका सुनेचा फोन आला. "काका, सासरे त्याच चौकीवर होते. पत्रांची पेटी भरलीय. रविवारी या."

"न्हालं म्हणायचं एकदाचं घोडं गंगेत!" काकू म्हणाल्या आणि त्यांनी काकांचा ठेवणीतला सदरा काढला.

सुनेनं हसतमुखानं दार उघडलं. टेबलावर टॉवेल पसरला होता आणि त्यावर तिकिटं ओळीनं वाळत घातली होती.

"तुमचा त्रास वाचवला. कोमट पाण्यात भिजवून एकेक सोडवलं. एकही फाटलं नाही हं!"

काकांनी टेबलाभोवती नजर फिरवली. "आणि... लिफाफे?"

"त्यांचा लगदा झाला. सकाळीच कचऱ्याच्या गाडीत टाकला. पत्रं आहेत की आत!"

पत्रं होती, पण त्यांवर ठिकाण लिहायची जवानांना बंदी होती. काकांनी भिंगाखाली एकेक तिकीट धरलं. शिक्क्याची नुसती कड उमटली होती. चौकीचं नाव आणि तारीख लिफाफ्याबरोबर पाण्यात गेली होती.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून सासूबाईंनी विचारलं, "यांचे लिफाफे कामी येतील ना हो?"

सून वाकून चहा ओतत होती. काकांनी भिंग खिशात ठेवलं.

"येतील, वहिनी. तिकिटं फार निगुतीनं काढलीत."

घरी काकूंनी त्यांचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता पान वाढलं. जेवता जेवता काकांनीच सांगितलं.

"आणखी कुणी असेल की," काकू म्हणाल्या.

"संपले गं सगळे."

पावसाळा सरता सरता त्यांचा लेख एका मासिकात छापून आला. मोहिमेची सगळी टपालघरं त्यात होती, डोंगरातलं सोडून. काकूंनी शेवटपर्यंत वाचला.

"भावोजींचं नाव नाही कुठं?"

"पुरावा नाही. दुसऱ्या कुणी असं बिनपुराव्याचं लिहिलं असतं, तर मीच खोडलं असतं."

त्यांनी भिंग कपाटात ठेवलं. त्यानंतर गल्लीतली पोरं जुने लिफाफे घेऊन आली, तर काका दारातूनच म्हणत, "आता दिसत नाही रे मला."

दिसत होतं त्यांना सगळं.