राजाचा कोला कोण फोडणार

ओफोडिले अनाएक्वे म्हणजे आमच्या अमाइयी गावचा पंक्चरवाला. त्याला राजाच्या सल्लागार मंडळात बसवला तेव्हा अर्धं गाव खो खो हसलं, आणि उरलेल्या अर्ध्याला वाटलं, बरं झालं, आता सायकलीत हवा फुकट मिळेल. मिळाली नाही ती नाहीच.

मला विचाराल तर त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. आमच्याकडे प्रत्येक भावकी आपला एक माणूस इग्वेच्या, म्हणजे राजाच्या, मंडळात पाठवते. ओफोडिलेची भावकी गावात सगळ्यात थोरली, आणि भावकीत तो सगळ्यात वडीलधारा. इग्वेनं मंडळाची लाल टोपी स्वतःच्या हातानं त्याच्या डोक्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी टोपी खुंटीला, आणि गडी राजवाड्याच्या फाटकासमोरच्या टपरीत ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधतोय.

माणूस तिरसट, पण सरळ. एकदा खुद्द इग्वेची जीप टपरीपाशी येऊन थांबली, चाक बसलेलं. ओफोडिले शिंप्याच्या सायकलीचं पंक्चर काढत होता. ड्रायव्हर ओरडला, "अहो, गाडीत इग्वे बसलेत!" हा मान वर न करता म्हणाला, "बसू देत की. सावली आहे. शिंपी आधी आलाय." इग्वे बसला बिचारा. नवा होता तेव्हा. तीस वर्षं परदेशात काढून, भाऊ वारल्यावर गादीवर आलेला. त्याला वाटलं, इकडे अशीच पद्धत असेल.

भांडण लागलं ते झऱ्यावरून. इयी ओचा हा आमचा झरा. उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या तरी तो आटत नाही. त्याच्या काठची सगळी जमीन बाटलीबंद पाणी विकणाऱ्या कंपनीला द्यायची, असं इग्वेनं ठरवलं. रस्ता मिळेल, नोकऱ्या मिळतील, दिवे येतील, सगळं आलं त्यात. फक्त झऱ्याला कुंपण पडणार, हे तो जरा हळू आवाजात म्हणाला. गावाची जमीन राजा एकटा देऊ शकत नाही, मंडळातल्या प्रत्येकाचा अंगठा लागतो. कागद फिरत फिरत ओफोडिलेपाशी आला.

"ओफोडिले, अंगठा."

"हा अंगठा ट्यूबचं भोक दाबायला दिलाय देवानं, इग्वे. झरा विकायला नाही."

"विकत कोण आहे? भाड्यानं देतोय."

"मग माझी बायको घागर घेऊन गेली तर कंपनी तिला आत सोडेल?"

इग्वेनं कागद अजून पुढे सरकवला. ओफोडिलेनं हात खिशात घातला. त्याचं बघून इलोझुलू मास्तरनं घातला, आणि म्हातारा ताडीवाला उडेम्बानंही घातला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवंडीवाला लोखंडी घंटा बडवत गल्लीगल्लीतून फिरला. ऐका हो ऐका! इग्वेनं तिघांना मंडळातून काढलंय. त्यांच्या टोप्या राजवाड्यात जमा होतील. नव्या कोनफळांच्या सणाआधी त्यांनी बकरा आणि दारूच्या बाटल्या घेऊन माफी मागितली तर ठीक. नाहीतर ते मेल्यावर गाव त्यांच्या दारात जाणार नाही, ढोल वाजणार नाहीत, खड्ड्याला कोणी हात लावणार नाही.

टोपी गेली तर गेली. पण मयताला गाव न येणं म्हणजे काय, ते आमच्या माणसाला विचारा. आमच्याकडे माणूस जन्मभर कसा जगला ते त्याच्या मयताच्या दिवशी कळतं. ढोल नाहीत, तोफेचे बार नाहीत, सासरी गेलेल्या लेकी रडत नाचत येत नाहीत, म्हणजे कुत्रं पुरल्यासारखंच ते. ऐकून मीच घरी जाऊन दार लावून घेतलं, आणि मला तर कुणी काढलंही नव्हतं.

मास्तर आठवड्याभरात बकरा घेऊन गेला आणि टोपी परत घेऊन आला. जाताना टपरीवरून गेला नाही, मागच्या वाटेनं गेला. उडेम्बा लेकाकडे एनुगू शहरात निघून गेला, तब्येतीचं कारण सांगून. उरला एकटा ओफोडिले.

"ओगेचे बाबा, एक बकराच तर द्यायचाय," त्याची बायको न्वाकाएगो म्हणाली. ती कडू पाल्याच्या आमटीसाठी पाला चोळून चोळून धुवत होती, आणि राग सगळा पाल्यावर निघत होता.

"बकऱ्याचं काही नाही गं. बकरा नेला की मागोमाग अंगठा द्यावा लागतो."

"द्या मग! बाकी सगळ्या मंडळानं दिला, तुमचा काय सोन्याचा आहे? उद्या तुम्ही डोळे मिटलेत तर मी एकटीनं खड्डा खणू? आणि मी गेले तर? माझ्याही दारात कुणी यायचं नाही. माझा काय गुन्हा?"

तो म्हणाला, "तू आधी जाऊ नकोस म्हणजे झालं." मग ती जी चिडली! दोन दिवस ताट आपटून वाढत होती.

त्याच्या जागी इग्वेनं त्याचाच पुतण्या बसवला. एलोका. लागोसमध्ये मोटारीचे सुटे भाग विकून गब्बर झालेला, पंचेचाळिशीचा. लाल टोपी घालून तो काकाच्या पाया पडायला आला.

"काका, राग धरू नका. भावकीची खुर्ची भावकीतच राहिली की नाही?"

"राहिली हो. टोपी जरा सैल होतेय बघ तुला. कागद दुमडून घाल आत."

एलोका हसला, पण जाता जाता टोपी चाचपून गेला.

सणाचा दिवस उजाडला. राजवाड्याच्या अंगणात मांडव, नवी कोनफळं रचलेली, बायका एकसारख्या लुगड्यांत. कंपनीचे साहेब पुढच्या रांगेत, आणि त्यांच्या मांडीवर तो कागद. कोला, म्हणजे आमचं ते मानाचं कडू बी, फोडून झाला की सगळ्यांसमोर अंगठे घ्यायचे, असा बेत होता. सगळ्यांचे पुन्हा नव्यानं, मास्तरचाही.

आता कोल्याचं सांगतो. कोला फुटल्याशिवाय आमच्याकडे कुठलीही गोष्ट सुरू होत नाही. लग्न नाही, भांडण नाही, सौदा तर नाहीच. आणि राजाचा कोला राजा फोडत नाही. कोल्याचं ताट सगळ्या भावक्यांना दाखवून होतं, मग थोरल्या भावकीचा वडीलधारा माणूस तो हातात घेऊन आशीर्वाद म्हणतो आणि फोडतो. इग्वेनं आजवर हे काम ओफोडिलेला लाल टोपीत करताना पाहिलेलं. त्याला वाटलं, हे काम टोपीचं असतं.

ताट एलोकापाशी आलं. एलोकानं हात पुढे केला.

"ए, ए! थांब," दुसऱ्या भावकीचे आबा म्बानुगो काठी आपटत म्हणाले. "थोरला जिवंत असताना धाकट्यानं कोल्याला हात लावायचा? हे कधीपासून?"

"ओफोडिलेला काढलंय," इग्वे म्हणाला.

"मंडळातून काढलंत. वयातून कसं काढाल?"

"मग तुम्ही फोडा, आबा."

"मी? मला नातवंडं आहेत हो इग्वे. थोरल्याचा हक्क खाऊन मला त्यांच्या माथी शाप नाही मारायचा."

साहेब घड्याळ बघायला लागले. शेवटी ताट धरणारा माणूस फाटकाबाहेर धावला. ओफोडिले टपरीत होता. कंपनीच्याच गाडीचं चाक उतरवून बसला होता, हाताला सगळं सोल्युशन.

"चला, बोलावलंय."

"मला काढलंय ना? काढलेला माणूस आत कसा येईल?"

"अहो, असं काय करता!"

"ज्यानं काढलं त्यानं बोलवू दे. मोठ्यानं. काढताना घंटा वाजवून काढलंय."

आणि इग्वेला उठावं लागलं. अख्ख्या मांडवासमोर तो म्हणाला, "ओफोडिले, थोरल्या भावकीचा वडील म्हणून ये." शाब्बास रे पठ्ठ्या! मी मागे उभा होतो, मला नाचावंसं वाटत होतं.

तो आला. हात धुतलेले, डोकं उघडं, अंगात तोच मळका सदरा. कोला उचलून त्यानं सुरुवात केली. आमच्यात प्रत्येक ओळीनंतर सगळे "ईसे!" म्हणतात, म्हणजे तसंच होवो. एकदा ईसे म्हटलं की ती ओळ तुमचीही झाली.

"घारही बसो, गरुडही बसो."

"ईसे!"

"जो दुसऱ्याला बसू देणार नाही त्याचा पंख मोडो."

"ईसे!" इग्वेही म्हणाला, सवयीनं.

"या झऱ्यावर ज्यांनी पाणी भरलं, जे भरतायत, आणि जे अजून आईच्या पोटातही आले नाहीत, त्या सगळ्यांचा तो राहो."

"ईसे!" जरा हळू आला.

"आणि हा कोला खाऊन जो अंगठा लावून झरा देऊन टाकेल, त्याला हा कोला आतून जाब विचारो."

माणसं पायाकडे बघायला लागली. अशा ओळीला ईसे म्हणायचं म्हणजे विस्तव गिळणंच की. ओफोडिले थांबून राहिला. एकटा पडला होता बिचारा, आणि त्याला ते कळत होतं.

तेवढ्यात बायकांच्या मागच्या रांगेतून एक आवाज आला, खणखणीत. "ईसे!" न्वाकाएगो होती ती. बकरा द्या, बकरा द्या म्हणणारी न्वाकाएगो! मग तिच्या शेजारणीनं म्हटलं, मग सगळ्या बायकांनी. घागरी शेवटी त्यांच्याच डोक्यावर असतात. मग पुरुषांनाही लाज वाटली.

ओफोडिलेनं कोला फोडला, एक तुकडा स्वतः खाल्ला आणि ताट इग्वेकडे पाठवलं. इग्वेनं तुकडा उचलून तळहातावर नुसता धरून ठेवला; फोडलेला कोला नाकारणारा गावाचा वैरी ठरतो, आणि खाल्ला तर ती ओळ लागू. ताट पुढे गेलं. मंडळातला पहिला माणूस थबकला, त्यानं बायकांकडे बघितलं. त्यात त्याची आई होती. त्यानं खाल्ला. दुसऱ्यानं खाल्ला. मास्तरनं डोळे पुसत खाल्ला. एलोकानं आधी टोपी चाचपली, पण त्यानंही खाल्ला, आणि अंगठा मुठीत घेऊन बसला.

"ओफोडिले," इग्वे दातओठ खात म्हणाला, "माझा शब्द अजून तोच आहे. तुझ्या मयताला ढोल वाजणार नाहीत."

"नाही वाजले तर नाही, इग्वे. मला गुपचूप पुरा. पण तुमच्या मयताला वाजतील, दिवसभर वाजतील. वाजवणाऱ्यांना तहान लागली तर पाणी कुठनं आणणार आहात?"

कंपनीच्या साहेबानं पेनाचं टोपण काढून कुणाला तरी विचारलं, आता सह्या ना? सगळे इग्वेच्या तळहाताकडे बघत होते.

इग्वेनं तुकडा तोंडात टाकला. कोला कडूच असतो. तो चावत राहिला, आणि त्यानं तो गिळेपर्यंत अख्खं गाव उभं राहिलं.