कडेनं चालणारा घोडा

माथेरानच्या लाल मातीच्या वाटेनं मी कुण्या गोऱ्या साहेबाच्या नावाच्या पॉइंटकडे निघाले होते. वाट चांगली रुंद, तरी माझा घोडा अगदी दरीच्या कडेनं चालत होता. खाली नुसतं धुकं. त्याच्या खुरांनी उडालेला खडा खाली जायचा, पण पडल्याचा आवाज काही यायचा नाही. मी खोगीर घट्ट धरलं.

"अहो मामा, आत घ्या ना त्याला!" मी चक्क ओरडले.

लगाम धरून चालणारे घोडेवाले मामा हसले. "घाबरू नका ताई. आधी हा गोण्या वाहायचा. आतून चालला की गोणी खडकाला घासून फाटायची, मग मालकाचा मार. तेव्हापासून कडच धरतो."

मी तिथंच उतरले. पाठ रिकामी झाली, पण घोडा कडेनंच चालत राहिला. ते बघताना मला मघापेक्षाही जास्त भीती वाटली. आमच्या घरात आवाज चढवणारं माणूस जाऊन कितीतरी वर्षं झाली. घरात मी एकटीच असते, तरी कपबशी खाली ठेवताना अजून श्वास रोखून धरते.